कीचक, कर्झन आणि करमणूक

अमेरिकेंतून येणाऱ्या अतिमानव वीरांच्या चित्रपटांविषयीं अलीकडे एक तक्रार वारंवार कानीं येते. आकाशांत उडणारा, पोलादी छातीचा वीर पाहावयास प्रेक्षक जातो, तो दोन घटका मन रमावें म्हणून. परंतु पडद्यावर त्याला वर्णभेद, युद्धनीति आणि सरकारी अधिकारांची मर्यादा यांवरील वाद ऐकावे लागतात. २०१६ सालचा 'कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर' हा चित्रपट तर वीरांनीं सरकारी हुकमतीखालीं वागावें कीं नाहीं, याच भांडणावर उभा आहे. करमणुकींत राजकारण शिरलें आणि करमणूक नासली, असा या तक्रारीचा मथितार्थ. ती सर्वस्वी खोटी नाहीं. मात्र ती नवी आहे असें ज्याला वाटतें, त्यानें महाराष्ट्राच्या रंगभूमीचा इतिहास चाळलेला नसावा.

महाराष्ट्राला आपला अतिमानव वीर परदेशांतून मागवावा लागला नाहीं. विराटपर्वांतील भीम घ्यावा. अंगीं हत्तींचें बळ असलेला हा पुरुष बल्लव नांवाचा आचारी होऊन विराटाच्या मुदपाकखान्यांत राबतो. आपण कोण हें त्यानें उघड करावयाचें नाहीं, अशी अज्ञातवासाची अट. इकडे राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापति कीचक हा सैरंध्री बनलेल्या द्रौपदीला भर दरबारांत लाथ मारतो. कंकाच्या वेषांतील धर्मराज भीमाला आंवरतो. आणि मग रात्रीच्या अंधारांत नर्तनशाळेंत कीचकाचा निकाल लागतो. वेषांतर, लपविलेलें सामर्थ्य, दुबळ्याच्या हांकेला रात्रीं धांवून जाणें, यांपैकीं अमेरिकन वीरांपाशीं असलेलें कोणतें लक्षण येथें उणें आहे?

१९०७ सालीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें 'कीचकवध' महाराष्ट्र नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें. खाडिलकर हे 'केसरी'च्या कचेरींत बसणारे, टिळकांच्या हाताखालीं तयार झालेले लेखक. जें अग्रलेखांत लिहिलें असतां खटला होई, तें भीमाच्या मुखीं घालतां येतें, हें त्यांच्याइतकें कोणाला कळणार? बंगालची फाळणी होऊन चुकली होती. लॉर्ड कर्झन १९०५ सालींच स्वदेशीं परतले होते. परंतु प्रेक्षकांनीं त्यांना विराटनगरींत अचूक ओळखलें. कीचक म्हणजे कर्झन, विटंबना सोसणारी द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, सबुरीचा उपदेश करणारा धर्मराज म्हणजे मवाळ पक्ष आणि दांतओठ खाणारा भीम म्हणजे जहाल पक्ष. हा अर्थ हस्तपत्रिकेंत छापावा लागला नाहीं.

प्रयोगाच्या वेळीं नाटकगृहांत काय घडे, याचें उत्तम वर्णन एका विरोधकाकडूनच मिळावें, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा. लंडनच्या 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या १९१० सालच्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकांत तें आलें आहे. पुरुषांचे ताठलेले, रागीट चेहरे. द्रौपदीची करुणा ऐकतांना पाणावलेले स्त्रियांचे डोळे. धर्मराजाच्या थंडपणाबद्दल तिरस्कार. आणि कीचक पडला कीं सगळ्या प्रेक्षागृहांतून उठणारा समाधानाचा घोष. चिरोलना यांत राजद्रोह दिसला. पण नाटक रंगण्याचें याहून चांगलें प्रमाणपत्र कोणी दिलेलें नाहीं! राजकारणानें या लोकांची करमणूक नासली असेल, असें त्या वर्णनावरून तरी दिसत नाहीं.

सरकारचें मत अर्थातच निराळें होतें. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाटकगृहांत, देवलांच्या 'शारदा' नाटकाच्या वेळीं, कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनीं गोळी झाडून वध केला. 'शारदा' हें जरठ-कुमारी विवाहावरचें नाटक. त्याचा राजकारणाशीं कांहीं संबंध नव्हता. परंतु नाटकगृह ही जागाच आतां सरकारला धोक्याची वाटूं लागली असल्यास नवल नाहीं. पुढल्याच वर्षीं 'कीचकवधा'वर बंदी आली. तिला आधार झाला तो १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा. परक्या सरकारचा हा कायदा केंद्राच्या कायदेपुस्तकांतून निघाला तो थेट २०१८ सालीं. बंदीचा घाव नुसत्या लेखकावर पडत नाहीं. नाटक मंडळी म्हणजे शेपन्नास माणसांचें बिऱ्हाड. चालतें नाटक बंद झालें कीं नटापासून पडदे ओढणाऱ्यापर्यंत सर्वांच्या पोटाची चिंता उभी राहते. खाडिलकरांच्या लेखणीनेंहि वळण घेतलें. १९११ सालीं त्यांचें 'मानापमान' आलें आणि लोक पदांवर डोलूं लागले. तें नाटक रसाळ आहे यांत शंका नाहीं. पण 'कीचकवधा'ची आंच त्यांत शोधूं नये.

त्याच १९१० सालच्या डिसेंबर महिन्यांत टिळकांचे निकटचे सहकारी, अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे शिर्डीस आले. टिळक मंडालेच्या तुरुंगांत होते आणि त्यांच्या सुटकेसाठीं विलायतेंत खटपट करून खापर्डे नुकतेच परतले होते. सरकारचा डोळा त्यांच्यावर होता. पुढें १९११ च्या डिसेंबरापासून ते कित्येक महिने शिर्डीस राहिले. साईबाबांनीं त्यांना मुद्दाम ठेवून घेऊन अटकेपासून वांचविलें, अशी भक्तांची श्रद्धा आहे. त्यांची शिर्डीची रोजनिशी प्रसिद्ध आहे. ज्याच्या व्याख्यानाला हजारों लोक लोटत, तो हा राजकारणी पुरुष तेथें आरतीला उभा राहतो आणि नाथांच्या भावार्थ रामायणासारख्या पोथ्यांच्या वाचनास बसतो. रावण तोच, त्याचा माज तोच, आणि त्याचा अंतहि तोच. पुण्याच्या नाटकगृहांत ज्या पुराणाची वर्तमानपत्रासारखी बातमी होत असे, तें शिर्डीच्या वाड्यांत पुराणच राहत होतें. खापर्ड्यांच्या मनांत त्या वेळीं रावणाच्या जागीं कोण उभा राहत असेल, हें पोथी विचारीत नव्हती. ज्याचा अर्थ त्यानें लावावा.

ही मोकळीक हीच येथें महत्त्वाची वस्तु आहे, आणि ती दोन बाजूंनीं हिरावली जाते. एक बाजू सरकारची. १९२० सालीं बाबूराव पेंटरांनीं कोल्हापुरांत 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यांतील कीचकाच्या वधाचें दृश्य इतकें हुबेहूब साधलें होतें कीं, तें कापावें लागलें. टिळकांनीं मात्र पेंटरांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पुढल्या वर्षीं मुंबईच्या कोहिनूर कंपनीचा 'भक्त विदुर' निघाला. त्यांत विदुर गांधींसारखा दिसतो म्हणून मद्रास आणि कराची येथें त्यावर बंदी आली. १९३० सालीं प्रभातच्या 'स्वराज्य तोरण' या शिवचरित्रपटाला 'उदयकाल' व्हावें लागलें, आणि १९३५ सालीं पैठणच्या एकनाथांवरील 'महात्मा'ला 'धर्मात्मा'. नांव बदललें म्हणून एकनाथांच्या मांडीवरचें अस्पृश्याचें मूल कांहीं खालीं उतरलें नाहीं.

दुसरी बाजू लेखकाची, आणि आजची तक्रार खरी ठरते ती येथें. पात्रांच्या तोंडीं घोषणा घालून अर्थ प्रेक्षकाच्या हातीं कोंबला कीं त्याला स्वतः कांहीं ओळखण्याचें सुख उरत नाहीं. 'भक्त विदुर'कारांनीं विदुराला गांधी टोपी घातली. खाडिलकरांनीं कीचकाला साहेबी टोपी घातली नाहीं. हा फरक लहान नाहीं. शिवाय एकाचा वीर तो दुसऱ्याचा वीर असतोच असें नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी'मध्यें वामनाला नव्हे तर बळीराजाला नायक केलें. नगर जिल्ह्यांतील तरवडीहून मुकुंदराव पाटील 'दीनमित्र'मधून तीच परंपरा चालवीत होते. जुनी कथा राजकारणापासून अलिप्त होती आणि नव्यांनीं ती बाटविली, असें म्हणणाऱ्यानें वामनाची कथा बळीच्या बाजूनें एकदां ऐकावी.

अमेरिकेंतहि आरंभ निराळा नाहीं. कॅप्टन अमेरिकाच्या मार्च १९४१ च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा लगावतांना दाखविला होता, आणि अमेरिका युद्धांत उतरली ती त्या वर्षाच्या डिसेंबरांत. चित्रकथेच्या यहुदी कर्त्यांना, जो सायमन आणि जॅक कर्बी यांना, त्याबद्दल धमक्या आल्या. १९४६ सालीं नभोवाणीवरील सुपरमॅनच्या मालिकेनें कू क्लक्स क्लॅनसारख्या वर्णद्वेष्ट्या टोळीशीं झुंज दिली; मुलें ती रोज कान देऊन ऐकत, कारण आधीं गोष्ट चांगली होती. राजकारणावांचूनचा अतिमानव वीर आपल्या बालपणीं होता, असें ज्यांना आठवतें, त्यांना बहुधा आपलें बालपणच आठवत असतें.

शिर्डीचाच एक दाखला घ्यावा. १९७७ सालीं मनमोहन देसाई यांचा 'अमर अकबर अँथनी' झळकला. स्वातंत्र्यदिनीं ताटातूट झालेले तीन भाऊ तीन धर्मांच्या घरीं वाढतात, आणि कोणाची कोण हें न कळतां तिघे आईला रक्त देतात. याहून उघड राजकारण तें कोणतें? तरी त्या चित्रपटाला राजकीय म्हणून नाक मुरडल्याचें क्वचितच ऐकूं येतें. त्यांत अकबर शिर्डीच्या साईबाबांपुढें कव्वाली गातो. मशिदींत राहून धुनी पेटती ठेवणाऱ्या फकिराच्या मूर्तीपुढें हिंदू आई उभी आहे, मुसलमान म्हणून वाढलेला तिचाच मुलगा गातो आहे, आणि दोघांनाहि एकमेकांची ओळख नाहीं. तेवढ्यांत मूर्तीच्या नेत्रांतून ज्योती निघतात, आंधळ्या आईला दिसूं लागतें, आणि चित्रपटगृहांत कोणी डोळे पुसतो, कोणी शीळ घालतो, कोणी पडद्याकडे नाणीं फेंकतो.