लष्करी ट्रकचा इंडिकेटर

मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचं एदलाबाद. भुसावळकडून आलेला महामार्ग इथून मलकापूर-नागपूरकडे निघतो आणि दुसरा रस्ता इच्छापूरवरून बऱ्हाणपूरला जातो. भुसावळच्या वाटेवर वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, १९६४ची. भुसावळची त्याहून जुनी, १९४९ची. लष्कराशी या पट्ट्याचा संबंध असा जुना आहे. पण अशा फाट्यावर ‘मी वळतोय’ हे मागच्याला दिव्याने सांगायची सोय दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक लष्करी ट्रकमध्ये नव्हती.

अमेरिकेचा अडीच टनी जीएमसी घ्या. १९४१ ते १९४५ या काळात असे पाच लाखांहून जास्त ट्रक बनले आणि आसामातल्या लेडोहून चीनकडे काढलेल्या रस्त्यावरही ते धावले. वायरिंग सहा व्होल्टचं. रात्री ताफा चालायचा तो झाकलेल्या, मिणमिणत्या दिव्यांवर, कारण वरून विमानाला काही दिसता कामा नये. जिथे उजेड लपवायचा तिथे लुकलुकणारा दिवा कोण लावणार? वळायचं तर हात बाहेर काढायचा.

युद्ध संपलं आणि उरलेल्या गाड्या डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. नागरी रस्त्यावर अडचण उभी राहिली ती स्टीअरिंगची. भारतातला चालक उजवीकडे बसतो, त्याचा हात रस्त्याच्या मध्याच्या बाजूला बाहेर येतो आणि मागच्याला दिसतो. अमेरिकी ट्रकचा चालक डावीकडे. त्याचा हात कडेच्या झाडांनाच दिसणार. अशा डाव्या स्टीअरिंगच्या गाडीला १९३९च्या मोटार वाहन कायद्याने यांत्रिक किंवा विजेवर चालणारं इशाऱ्याचं साधन आधीच सक्तीचं केलं होतं. १९८८च्या कायद्यातही ही अट कायम आहे. रणांगणासाठी बांधलेल्या ट्रकवर इंडिकेटर चढला तो असा, मागाहून. जुन्या लष्करी गाडीचा इंडिकेटर बिघडला की दोष बहुधा मूळ आणि नव्या वायरिंगच्या सांध्यात सापडतो, त्याचं कारण या इतिहासात आहे.

त्यात रंगाची भर पडते. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. लिलावात घेतलेली गाडी रंगवावीच लागते, मग ती जीएमसी असो की जबलपूरला १९५९पासून बनू लागलेली शक्तिमान. रंगाचा थर दिव्याच्या होल्डरखाली, चेसीच्या बोल्टखाली जातो आणि तिथेच ‘अर्थ’, म्हणजे करंटची चेसीतून परतीची वाट, तुटतो. बॅटरीपासून येणारी वायर शाबूत, बल्ब शाबूत, फ्यूज शाबूत, तरी दिवा मंद. इंडिकेटर लावला की पार्किंगचा दिवाही त्याच तालात लुकलुकतो, कारण करंट परतीची दुसरी वाट शोधतो. ही खूण ओळखणारा मिस्त्री आधी बल्ब बदलत बसत नाही. कानशीने बोल्टखालचा रंग खरवडतो.

सहा व्होल्टच्या गाडीत हे किती महागात पडतं, ते हिशेबाने पाहू. २१ वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर साडेतीन अँपिअर घेतो. गंजलेल्या सांध्यात अर्ध्या ओमचा अडथळा असेल, तर सहापैकी सव्वा व्होल्टहून जास्त तिथेच खर्च होतो आणि बल्ब लालसर उरतो. २४ व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॅटच्या बल्बला तोच सांधा अर्धा व्होल्टसुद्धा खात नाही. जुन्या गाडीचा मालक ‘पूर्वी पेटायचा’ म्हणतो ते खरंच असतं.

मग पाळी फ्लॅशरची. जुन्या प्रकारात धातूची पट्टी करंटने तापून वाकते, संपर्क सुटतो, थंड झाली की पुन्हा जुळतो. ठरलेला करंट मिळाला तरच ताल बरोबर. एक बल्ब उडाला किंवा त्याजागी एलईडी बसवला की लुकलुकण्याचा वेग बिघडतो, कधी दिवा नुसताच पेटून राहतो. दोष फ्लॅशरमध्ये नसतानाही त्यालाच बदललं जातं, हे वाईट. जुना, चालू फ्लॅशर मिळणं सोपं नाही.

वायरचं वयही पाहावं लागतं. त्या काळी रबरावर सुती वेष्टण असे. खानदेशातल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि त्यात इंजिनाची धग. रबर कडक होऊन तडकतं, वेष्टण मात्र वरून धडधाकट दिसतं. वायर वाकवली की आतला चुरा हाताला लागतो. अशी वायर टेपने गुंडाळण्यात अर्थ नाही, ती बदलावीच.

दुरुस्ती झाल्यावरची तपासणी एकेक दिवा लावून करू नये. हेडलाइट, ब्रेक आणि इंडिकेटर एकदम चालू करावेत: अर्थ अर्धवट जोडला असेल तर तो तेव्हाच उघडा पडतो.