करडईची कढई

लातूर-नांदेडकडचीं जीं कुटुंबें नोकरीच्या वा शिक्षणाच्या निमित्तानें पुण्या-मुंबईस येऊन राहिलीं आहेत, त्यांच्या घरीं पावसाची पहिली सर आली कीं एक तक्रार हटकून निघते. भजीं येथेंही मिळतात. पण गांवच्या बाजारांतल्या भज्यांची चव त्यांना नाहीं. पुढें सुटींत गांवीं गेलेला मनुष्य त्याच जुन्या दुकानापुढें उभा राहतो, तसाच पुडा बांधून घेतो, आणि पहिल्याच घासाला म्हणतो, "चव येथूनही गेली." मग दोष दुकानदाराच्या नव्या पिढीवर येतो. हात बिघडला, नियत बिघडली, पिठांत भेसळ आली! हा आरोप बराचसा अन्यायाचा आहे. चव गेली हें खरें; परंतु ती कढईंतून जाण्यापूर्वीं शेतांतून गेली.

तळणाची आवड या मुलखाला नवी नाहीं. लातूरच्या आग्नेयेस असलेलें बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची जुनी राजधानी कल्याणी. तेथें ११२६ ते ११३८ पर्यंत राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नांवावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. राजानें कोणकोणते उपभोग घ्यावेत हें सांगतांना त्यांत भोजनालाही मानाचें पान मिळालें आहे. तेथें उडदाचे वडे आहेत, हरभऱ्याच्या पिठाचे तळलेले पदार्थ आहेत, हिंग आहे, मीठ आहे. मिरची मात्र नाहीं, तिखटपणा मिऱ्यांचा. मिरची मूळची अमेरिकेची, आणि ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकांत हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागली. म्हणजे ज्या मिरचीच्या भज्यावांचून मराठवाड्यांतला बाजार पुरा होत नाहीं, त्याचें पीठ येथलें आणि मिरची सातासमुद्रापलीकडची. आज नांदेड जिल्ह्यांतलें धर्माबाद मिरचीच्या पेठेसाठींच ओळखलें जातें. पाहुणी इतकी घरची झाली.

सामान्य माणसाला तळण मिळे तें बाजारांत. घरीं तेलाची कढई चढे ती सणावारीं, कारण तेल जपून वापरण्याची वस्तु होती. एरवीं आठवड्याच्या बाजाराची किंवा जत्रेची वाट पाहावयाची. माळेगांवच्या खंडोबाची जत्रा जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठीं दूरवर प्रसिद्ध आहे. लातुरांत महाशिवरात्रीस सिद्धेश्वराची जत्रा भरते. बैल विकून परतणाऱ्या बापाच्या उपरण्याच्या गांठींत भजीं आहेत, जिलेबी आहे कीं गुळाची गोडी शेव, यावर त्या रात्रीं पोरांची सारी उत्सुकता खिळलेली असे.

पेठा वाढल्या तशीं हीं दुकानें स्थिरावलीं. हैदराबाद-मनमाड लोहमार्ग १९०० च्या सुमारास नांदेडवरून गेला. बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ १९११ सालीं लातुरास पोंचले, आणि बालाघाटाच्या पठारावरचीं कडधान्यें व गळिताचीं धान्यें त्या चिमुकल्या गाडीनें बाहेर जाऊं लागलीं. लातूरच्या गंजगोलाईची आखणी १९१७ सालची. मध्यें वर्तुळाकार पेठ, आणि तिच्यांतून चहूंकडे फुटणारे सोळा रस्ते. नांदेडास निजामी अंमलांत उस्मानशाही गिरणी निघाली. हमाल, गाडीवान, गिरणीकामगार हीं सारीं घरापासून दूर असलेलीं, सकाळची शिदोरी केव्हांच संपलेलीं माणसें. अशांना हवें असतें तें गरम, झणझणीत आणि चार पैशांत पोटाला आधार देणारें. इंग्लंडांत लँकेशायरच्या कापडगिरण्यांच्या गांवीं तळलेल्या मासळीचीं व बटाट्याचीं दुकानें १८६० च्या आगेंमागें निघालीं, तीं याच गरजेपोटीं. मौज अशी कीं तेथील म्हातारींकोतारींही हेंच गाऱ्हाणें सांगतात: गुरांच्या चरबींत तळलेल्या बटाट्याची गोडी आतांच्या तेलांत नाहीं!

या आठवणींत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. पुडा बांधून नेणें ही सर्वांची हौस नव्हती. निजामाचें राज्य काय, मुंबई इलाखा काय, अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकास उपाहारगृहांत बसावयास मज्जाव असे, किंवा त्याची कपबशी बाहेर निराळी ठेवलेली असे. त्याच्या हातीं पुडा वरून टाकला जाई आणि पैसे भुईवर ठेवावे लागत. १९५५ च्या अस्पृश्यता अधिनियमानें हा प्रकार गुन्हा ठरला. जुन्या दुकानाच्या फळीवर बसून भजीं खाल्ल्याच्या ज्या रम्य कथा ऐकूं येतात, त्या फळीवर बसूं दिलेल्यांच्या आहेत. त्याच कढईंतलें भजें रस्त्याच्या कडेला उभें राहून खाल्लेला मनुष्य चव विसरला नसेल. पण त्या दुकानाची आठवण तो त्याच जिव्हाळ्यानें काढील असें धरून चालतां येत नाहीं.

आतां तेलाकडे वळूं. मराठवाड्यांतलें जुनें खाण्याचें तेल म्हणजे मुख्यतः करडईचें. जोडीला जवस, तीळ, आणि मागाहून भुईमूग. करडई हें काळ्या रानाचें रब्बी पीक. तिचें सोटमूळ खोल जातें, म्हणून पाऊस परतल्यावर नुसत्या ओलीवर ती उभी राहते. कोंवळेपणीं तिची पालेभाजी होते. वाढली कीं पानाला काटे येतात, आणि मग शेतकरी तिच्या ओळी ज्वारीच्या कडेनें पेरून गुरांना अडवितो. कुंपणही तीच, भाजीही तीच, तेलही तिचेंच! फाल्गुनांत कापणी झाली कीं बी गांवच्या तेल्याकडे जाई. बैल फिरे, घाणा करकरे, आणि त्यांतून निघालेल्या दाट, वासाच्या तेलांत भजीं उतरत. तळण्याआधीं तें तेल चांगलें तापवून त्याचा उग्रपणा मोडावा लागे. तो वास भज्याला चिकटे, आणि पळसाच्या द्रोणांतून घरापर्यंत येई. लोक ज्याला दुकानाची चव म्हणतात, ती बहुतांशीं ही.

पहिला बदल डब्यांतल्या तुपाचा. १९३७ सालीं बाजारांत आलेला डालडा पुढें जिलेबीच्या कढईंत शिरला. परंतु भज्यांच्या कढईचें रूप पालटलें तें १९९० नंतर. सोयाबीन हें तीन-साडेतीन महिन्यांत हातीं येणारें खरिपाचें पीक. त्याला काटे नाहींत, आणि त्याचा पैसा दसरा-दिवाळीला मिळतो. काढणीला हाता-पायांस फडकीं गुंडाळावीं लागणारी करडई त्यापुढें टिकेना. परभणीच्या कृषि विद्यापीठानें 'परभणी कुसुम'सारखे सुधारलेले वाण दिले, तरी क्षेत्र आटतच गेलें. लातूरची पेठ सोयाबीनची म्हणून नांवाजली. तशांतच १९९४ सालीं पामतेलाची आयात खुली झाली, आणि इंडोनेशिया-मलेशियाकडचें स्वस्त, निर्गंध तेल तालुक्यातालुक्याला पोंचलें. विशेष हें कीं सोयाबीन निघाल्यावर त्याच रानांत हरभरा पेरला जाऊं लागला. पीठ शेजारच्या शेतांतलें राहिलें, तेल मात्र दूरचें झालें.

अशा स्थितींत दुकानदारानें काय करावें? करडईच्या तेलांत कढई चढविली तर भज्याचा भाव गिऱ्हाइकाला पेलत नाहीं. आणि ज्यांची जीभ निर्गंध तेलावर वाढली त्या पोरांना तो वासही सोसत नाहीं. २०१६ सालीं वर्तमानपत्राच्या कागदांत खाद्यपदार्थ बांधूं नयेत असें केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानें बजावलें, तेव्हां पुड्यालाही पर्याय शोधावा लागला. त्यांत नवल असें कांहीं नाहीं. पळसाचें पान हटवून रद्दी आली होतीच. इकडे पुण्या-मुंबईंत लांकडी घाण्याचें करडईचें तेल आरोग्याच्या नांवाखालीं बाटलींत भरून चढ्या भावानें विकलें जातें. तें विकत घेणारीं घरें तें चमच्यानें मोजून फोडणीला वापरतात. त्यांत भजीं कोणी तळीत नाहीं.