बिनधुऱ्याची थाळी

उमरेडच्या एका भोजनालयावर पाटी आहे : ‘अनलिमिटेड थाळी’. खाली बारीक अक्षरांत, ‘एका ताटात दोघांनी जेवू नये’. समोरून कोळशाचे ट्रक जातात. खाण वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडची. रस्त्याच्या एका अंगाला लिमिटेड, दुसऱ्या अंगाला अनलिमिटेड. मी कोश उघडला आणि थेट वावरात पोचलो.

‘लिमिट’च्या मुळाशी लॅटिन ‘लिमेस’ आहे. लिमेस म्हणजे दोन शेतांमधली पायवाट. अहो, हा तर आपला धुरा! (पुण्याकडे बांध म्हणतात.) रोमच्या बारा फलकांच्या कायद्यात दोन शेतांमधली पाच फुटांची पट्टी वहिवाटीने कुणाचीच होत नसे. म्हणजे धुरा कोरणारे शेजारी तिथेही होतेच. पुढे लिमेस साम्राज्याची सरहद्द झाली, फ्रेंचमधून इंग्रजीत आली. 1855 साली ब्रिटिश कायद्याने भागधारकांच्या देण्याला धुरा घातला आणि कंपन्यांच्या नावामागे ‘लिमिटेड’ लागलं. आपण त्याचं ‘मर्यादित’ केलं. पतसंस्थेच्या पाटीवर त्यातलं ‘मर्या.’ तेवढं उरलं.

पण लिमेस आला कुठून? एक पक्ष म्हणतो, ‘लिमेन’चा तो भाऊ. लिमेन म्हणजे उंबरठा. हा पक्ष मला उमरेडसाठी फार आवडतो. संस्कृत कोशांत ‘उदुंबर’चा एक अर्थ उंबरठाच आहे, आणि उमरेडच्या नावातही उंबरच दडला असणार, यावर मी पैज लावीन. दुसरा पक्ष ‘लिमुस’कडे बोट दाखवतो. लिमुस म्हणजे तिरपा. रान आडवं कापत जाते ती वाट लिमेस. नाइलाजाने मी दुसऱ्या पक्षात जातो. उंबरठा ओलांडायचा असतो, धुऱ्यावरून चालायचं असतं, आणि लिमेस ही चालायचीच वाट होती.

आता आपला धुरा. ‘धुर्’ म्हणजे जू. तास संपल्यावर बैलजोडी वळते, जू फिरतं, तो धुरा, असा माझा तर्क. कुणी म्हणेल, ‘धुर्’ म्हणजे टोकही, म्हणून शेताचं टोक तो धुरा. असेल, पण असं म्हणणाऱ्याने टोकाशी बैल वळवून पाहिलेले नसावेत.

मग थाळी ‘अमर्याद’ का नाही? कारण मराठीत अमर्याद म्हटलं की उद्धटपणाचा वास येतो. ‘निःसीम’ भक्ताने अडवून ठेवलाय. ‘भरपेट’ चांगला होता, पण त्यात पोटाची हद्द आली, आणि गिऱ्हाइकाला पोटाची आठवण करून देणं धंद्याला परवडत नाही. म्हणून अनलिमिटेड. इंग्रजीत त्याचा अर्थ धुरा नसलेलं. आपल्याकडे मात्र पैसे ठरलेले, मागणं न ठरलेलं. मोबाइलचा ‘अनलिमिटेड’ रिचार्जही त्याच जातीचा : रोजचा डेटा संपला की वेग बैलगाडीचा.

थाळीचंही तसंच. पोळ्यांना कुणी काही म्हणत नाही. तिसऱ्यांदा भात मागितला की वाढपी वरणाचा डबा हातातच धरून विचारतो, “अजून आणू काजी?”