पायाच्या बोटातून पोटाची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पायाला ठेच लागून जखम चिघळली, की दोन-चार दिवसांत जांघेत अवधाण येतं. हे सांगायला डॉक्टर लागत नाही, घरातली आजीही सांगते. पण पायाचं दुखणं जांघेपर्यंत चढतं ते कोणत्या वाटेनं? आणि जांघेच्या पुढं, ओटीपोटात आणि पोटात, ती वाट कुठं जाते? १९७० च्या दशकात, माझ्या उमेदवारीच्या काळात, ती वाट क्ष-किरणांच्या फिल्मवर उमटवणं हे आमचं काम होतं. आता ते काम कुणी तसं करत नाही, म्हणून त्याची गोष्ट सांगतो.

ही वाट लसिकावाहिन्यांची. मिलानमध्ये २३ जुलै १६२२ रोजी गास्पारे आसेल्ली या शल्यवैद्यानं नुकत्याच खाल्लेल्या एका कुत्र्याचं पोट उघडलं, तेव्हा आतड्यांवर त्याला पांढरे धागे दिसले. त्याला आधी ते मज्जातंतू वाटले. एक कापला, तर दुधासारखा द्रव बाहेर आला. दुसऱ्या दिवशी दुसरं कुत्रं पाहिलं तर धागे गायब! ते कुत्रं उपाशी होतं. जेवणातला स्निग्धांश भरला, तरच या नळ्या पांढऱ्या दिसतात. एरवी त्यांतला द्रव पाण्यासारखा, त्यामुळं त्या डोळ्यांना चकवतात. आसेल्लीचं पुस्तक १६२७ साली, तो गेल्यावर, छापलं गेलं.

मधली तीनशे वर्षं ओलांडतो. जिवंत माणसातली ही नळी पकडायची कशी? लंडनचे सर्जन जॉन किनमंथ यांनी १९५२ साली आपली रीत प्रसिद्ध केली. पायाच्या बोटांच्या बेचक्यात निळा रंग टोचायचा. लसिकावाहिन्या तो शोषून घेतात आणि निळ्या होतात. मग पावलावर छोटा छेद देऊन त्यातली एक शोधायची, तिच्यात सुई घालायची आणि क्ष-किरणांना अडवणारं औषध सोडायचं. पुढं या कामासाठी आयोडीन मिसळलेलं खसखशीचं तेल रूढ झालं. मार्सेल गर्बे या फ्रेंच माणसानं ते १९०१ सालीच बनवलेलं होतं. आपण खसखस अनारशाला लावतो. तिच्या तेलानं पोटाचा नकाशा निघेल, असं कुणाच्या मनात आलं असतं?

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात वाहिनी शिवणाच्या दोऱ्याएवढी आणि तिची भिंत कांद्याच्या पापुद्र्यासारखी. सुई जराशी पलीकडं गेली, की फाटलीच. एका सकाळी माझ्या हातून लागोपाठ तीन फाटल्या. टेबलावर विशीतला मुलगा होता. "डॉक्टर, अजून किती?" असं त्यानं दोनदा विचारलं, मग विचारणंच सोडलं. शेवटी आमच्या सरांनी हात धुतले आणि एक शब्दही न बोलता चौथी पकडली. पुढं तेल पंपानं हळूहळू जायचं. एका पायाला सहा-सात मिलिलिटर, आणि त्याला तास-दीड तास. संध्याकाळी त्याची आई धावत आली: "डॉक्टरसाहेब, पोराला हिरवी लघवी होतेय!" तो आमचाच निळा रंग होता. हे आधी सांगायला हवं होतं. मी विसरलो होतो.

त्याच्या मानेत गाठ आली होती. हॉजकिनचा आजार, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कर्करोग. हा आजार छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या वरच आहे की खालीही उतरलाय, यावर सारं अवलंबून असे. अमेरिकेत स्टॅनफर्डला हेन्री कॅप्लन यांनी १९६० च्या दशकात किरणोपचाराचं क्षेत्र ठरवताना याच फिल्मचा आधार घेतला. १९७१ साली अ‍ॅन आर्बरला आजाराच्या पायऱ्या ठरल्या, त्यातही तो पडदा हीच सीमारेषा होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलाची फिल्म प्रकाशासमोर धरली. जांघेपासून कण्याच्या दोन्ही बाजूंनी वरपर्यंत ग्रंथींची माळ उमटली होती. वरच्या दोन ग्रंथी आकारानं जवळपास नेहमीच्याच, पण त्यांच्या आत फेसासारखी जाळी होती. पोटावर हात फिरवून ते कधीच कळलं नसतं. किरणोपचार पोटापर्यंत वाढवले गेले. तेल ग्रंथींत कित्येक महिने टिकतं, त्यामुळं पुढं साध्या एक्स-रेवरही आम्हाला त्या दोन ग्रंथी आक्रसत गेलेल्या दिसल्या.

मग सी.टी. स्कॅन आला. त्याचा पहिला रुग्णही लंडनचाच, १ ऑक्टोबर १९७१ चा. आरंभी फक्त डोक्यापुरता, पण काही वर्षांत सबंध शरीरासाठी. ना छेद, ना तासन्‌तास पडून राहणं. आमच्या पद्धतीत उणिवाही होत्याच: आतड्यांच्या ग्रंथी त्या वाटेवर नसल्यानं कधी दिसत नसत, आणि उरलेलं तेल शेवटी फुप्फुसांत जात असल्यानं दम्याच्या, कमजोर छातीच्या माणसाला ते देता येत नसे. तेव्हा रुग्णांच्या बाजूनं पाहिलं तर ती मागं पडली ते बरंच झालं. मात्र सी.टी. ग्रंथीचा आकार मोजतो. साधारण सेंटिमीटरच्या आतली, पण आजारी ग्रंथी त्याच्या हातून निसटते, तर नुसत्या जंतुसंसर्गानं फुगलेली नाहक संशयात सापडते. ती फेसाची जाळी त्याला दिसत नाही. २००३ साली लोहाचे अतिसूक्ष्म कण शिरेतून देऊन प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ८० रुग्णांच्या एम.आर.आय. तपासणीचे निष्कर्ष आले, तेव्हा मला आमच्या फिल्म आठवल्या. ग्रंथी केवढी आहे यापेक्षा तिच्या आत काय आहे, हाच प्रश्न तिथंही होता. आज पेट स्कॅन दुसऱ्या बाजूनं, पेशींच्या साखर खाण्यावरून, त्याचा माग काढतो.

खसखशीचं तेल मात्र परत आलं. शस्त्रक्रियेत एखादी लसिकावाहिनी दुखावून पोटात किंवा छातीत गळू लागली, तर गळती शोधायला ते वापरतात, आणि कधीकधी तेच तेल ती गळती बुजवतंही. मध्यंतरी एका तरुण सहकाऱ्यानं मला हे पाहायला बोलावलं. त्यानं सोनोग्राफीवर जांघेतली ग्रंथी शोधली, अवधाण येतं तीच, आणि थेट तिच्यातच बारीक सुई घातली. मी पावलाकडं पाहत होतो.

"आणि निळा रंग?" मी विचारलं.

"तो कशाला लागायचा, सर?"