पृष्ठमृदेचे जतन व पूरण (रेव खाणींचे पुनर्वसन)

पृष्ठमृदेचे जतन व पूरण ही वाळू, रेव आणि गोटे यांच्या खाणींखाली गेलेल्या जमिनीच्या पुनर्वसनातील दोन परस्परपूरक कामे आहेत. खाणकामापूर्वी जमिनीवरील सुपीक थर स्वतंत्रपणे काढून सांभाळणे म्हणजे जतन होय. हा थर अपुरा असल्यास किंवा आधीच नष्ट झाला असल्यास सेंद्रिय द्रव्य व बारीक माती घालून उणीव भरून काढणे यास पूरण म्हणतात. पुनर्वसन खाण बंद झाल्यावर सुरू होते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याचे यशापयश बऱ्याच अंशी खाणीच्या आरंभीच ठरते, कारण गोट्यांच्या ढिगात एकदा मिसळलेली माती पुन्हा वेगळी करणे जवळजवळ अशक्य असते.

महत्त्व

पृष्ठमृदेचा थर सामान्यतः १० ते ३० सेंमी. जाडीचा असतो. जमिनीतील बहुतांश सेंद्रिय द्रव्य, वनस्पतींचे बी, गांडुळे, सूक्ष्मजीव आणि मुळांशी सहजीवन करणारी कवके याच थरात असतात. नैसर्गिक रीतीने असा थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. याउलट रेव खाणीच्या तळाशी उरणारे द्रव्य भरड असते. त्यात पाणी टिकत नाही, पोषकद्रव्ये अत्यल्प असतात आणि अवजड वाहनांच्या वर्दळीमुळे तळ दबून कठीण होतो.

काढणी

प्रथम ठिकठिकाणी लहान खड्डे घेऊन मातीच्या थरांची जाडी मोजली जाते. त्यानंतर पृष्ठमृदा आणि तिच्याखालील अवमृदा स्वतंत्रपणे काढून वेगवेगळ्या ठिकाणी साठवतात. हे काम माती कोरडी असतानाच करणे आवश्यक असते. ओली माती यंत्राखाली दबते, तिची कणरचना मोडते आणि हवा व पाणी खेळण्याच्या पोकळ्या बुजतात. मातीवरून वाहने जाऊ नयेत म्हणून उत्खननयंत्राने माती उचलून ती थेट डंपरमध्ये भरण्याची पद्धत श्रेयस्कर मानली जाते.

साठवण

काढलेली माती न साठवता, खाणीच्या काम संपलेल्या भागावर लगेच पसरणे हा सर्वोत्तम मार्ग होय. यात बियाणे व सूक्ष्मजीव मोठ्या प्रमाणावर जिवंत राहतात. साठवण अपरिहार्य असल्यास ढिगांची उंची दोन-तीन मीटरपेक्षा अधिक ठेवत नाहीत. उंच ढिगाच्या आत प्राणवायू पोहोचत नाही. परिणामी गांडुळे व कवके मरतात आणि बियांची उगवणशक्ती घटते. धूप थांबविण्यासाठी ढिगांवर गवत किंवा शिंबावर्गीय वनस्पती पेरतात. ढिगांची नोंद नकाशावर ठेवली नाही, तर ही माती अन्य भरावासाठी वापरली जाण्याचा धोका असतो.

पुनर्स्थापना

खाणीच्या कडांचे उतार सौम्य केल्यावर दबलेला तळ खोल नांगराने फोडतात. त्यावर आधी अवमृदा आणि मग पृष्ठमृदा पसरली जाते. एक हेक्टर क्षेत्रावर १५ सेंमी. जाडीचा थर देण्यास १,५०० घनमीटर माती लागते. त्यामुळे आरंभी केलेले मोजमाप निर्णायक ठरते. भूजलपातळीच्या खाली खोदलेल्या खाणींचे तलाव होतात. तेथे माती प्रामुख्याने काठांवर वापरली जाते.

पूरण

पूरणासाठी शेणखत, कंपोस्ट, प्रक्रिया केलेला मैला-गाळ आणि तलावांतील गाळ यांचा उपयोग होतो. मैला-गाळात जड धातू नाहीत याची तपासणी आवश्यक असते. रेव धुताना मिळणारा बारीक गाळ पाणी धरून ठेवतो. मात्र त्यात सेंद्रिय द्रव्य नसल्याने तो एकटा वापरल्यास पृष्ठभागावर कठीण पापुद्रा धरतो. लाकडाचा भुसा किंवा पेंढा यांसारख्या कार्बनबहुल द्रव्यांचे प्रमाण जास्त झाल्यास सूक्ष्मजीव मातीतील नत्र स्वतःसाठी वापरतात आणि रोपे पिवळी पडतात. रासायनिक खतांचा अतिरेकही अहितकारक असतो, कारण भरड थरातून नत्र झिरपून भूजलात जाते.

माती मुळीच उरलेली नसल्यास ती घडविण्यास वनस्पतींचे साहाय्य घ्यावे लागते. केनियातील मोंबासाजवळ बांबुरी येथील प्रवाळजन्य चुनखडीच्या खाणीत रेने हालर यांनी १९७१ मध्ये हा प्रयोग सुरू केला. कोकण किनाऱ्यावरही परिचित असलेली, नत्र स्थिर करणारी सुरूची झाडे तेथे लावण्यात आली. त्यांचा सहजी न कुजणारा पालापाचोळा वाणी (पैसा) या बहुपाद प्राण्यांनी खाऊन बारीक केला व त्यातून ह्यूमस तयार झाले. ही खाण रेवेची नसली, तरी तिच्यातील तत्त्व रेव खाणींनाही लागू पडते.

कायदेशीर तरतुदी

ब्रिटनमध्ये १९८१ च्या खनिजविषयक नियोजन कायद्याने पुनर्वसनानंतर जमिनीची निगा राखण्याची अट घालण्याची तरतूद केली. भारतात खनिज संवर्धन व विकास नियम, १९८८ यांनी पृष्ठमृदा वेगळी काढणे, पुनर्वसनासाठी वापरणे आणि तत्काळ वापर शक्य नसल्यास स्वतंत्रपणे साठवणे बंधनकारक केले. त्यांची जागा २०१७ च्या नियमांनी घेतली. मात्र १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्यानुसार रेव व साधी वाळू ही गौण खनिजे असून त्यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. महाराष्ट्रात यासाठी २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज क्षेत्रांसाठीही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. ८ जानेवारी २०२० च्या आदेशात, खाणकाम संपल्यावर त्या क्षेत्रात पुन्हा गवत लावून जमीन चारा व वनस्पतींच्या वाढीस योग्य करण्याची अट खाणपट्ट्यांमध्ये घालण्याचे निर्देश न्यायालयाने केंद्र सरकारला दिले.