जलनलिकांचे गोठणापासून संरक्षण

घराच्या ज्या भागांना कृत्रिम ऊब नसते, त्यांतून जाणाऱ्या पाण्याच्या नळ्या थंडीत गोठून फुटू नयेत म्हणून योजलेले उपाय. पोटमाळा, गॅरेज, बाहेरच्या भिंतींचा गाभा आणि जमीन व तळफरशी यांमधील बुटकी पोकळी हे असे भाग होत.

कारणे : गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. तरीही नळी पुष्कळदा बर्फ जमल्या जागी फुटत नाही. बर्फाचा बोळा नळीत अडकून वाढू लागला की तो आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब चढत जातो व नळी तेथील कमकुवत जागी उकलते. बर्फ वितळून प्रवाह सुरू झाल्यावरच गळती उघडकीस येते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगांत, पोटमाळ्यातील उघड्या नळ्यांना बाहेरचे तापमान सुमारे −७° से. झाल्यावर धोका उद्भवतो असे दिसले. फटींतून शिरणारा वारा हा धोका वाढवतो.

उपाय : नळ्या उबदार भागातूनच नेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. ते शक्य नसेल तर फटी बुजवून नळ्यांवर फोम किंवा काचतंतूचे आवरण चढवतात. आवरण स्वतः उष्णता निर्माण करत नाही, फक्त गोठण लांबवते. म्हणून दीर्घ थंडीत त्याच्या जोडीला थर्मोस्टॅट असलेली विजेची तापकेबल वापरतात. तोटीतून बारीक धार चालू ठेवल्यास मुख्यतः कोंडलेल्या पाण्याचा दाब मोकळा होतो. अंगणातील तोटीसाठी लांब दांड्याची रचना करतात. तिची झडप भिंतीच्या आत, उबदार बाजूला राहते. घर रिकामे राहणार असल्यास मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सर्वांत खालच्या तोटीतून नळ्या रित्या करतात.

प्रदेशभेद : कायम थंड प्रदेशांत मुख्य नळ्या जमीन गोठते त्या खोलीच्याही खाली पुरतात. लडाखमध्येही तसेच करावे लागते, कारण लेहमध्ये हिवाळ्यातील रात्रीचे तापमान −१५° से.पर्यंत उतरते. एरवी उबदार असलेल्या प्रदेशात अकस्मात आलेली थंडी अधिक हानिकारक ठरते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सस राज्यात हिमवादळामुळे वीज गेली, घरांतील ऊब नाहीशी झाली आणि पोटमाळ्यांतील व बाह्य भिंतींतील असंख्य नळ्या फुटल्या. विजेवर चालणारी तापकेबलही अशा वेळी निकामी होते. त्यामुळे नळी फुटल्यास पाणी लगेच बंद करता यावे म्हणून मुख्य व्हॉल्व्ह कोठे आहे हे घरातील प्रत्येकास ठाऊक असणे आवश्यक असते.

गोठलेली नळी मोकळी करणे : तोटी उघडी ठेवून तिच्या बाजूने मागे सरकत हेअर ड्रायर किंवा गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्यांनी ऊब देतात. उघडी ज्योत वापरल्यास आग लागण्याचा, तसेच कोंडलेल्या वाफेने नळी फुटण्याचा धोका असतो.