अल्टरनेटर नवा, तरी बॅटरी डाऊन

आजचा भाग एका जुन्या व्हॅनच्या चार्जिंगचा. ऐकायला गॅरेजची गोष्ट वाटेल, पण आहे इतिहासाची.

आधी डायनॅमो होता. गाडी सिग्नलला उभी राहिली की तो जेमतेम चार्ज करायचा, दिवे मंद व्हायचे. सिलिकॉन डायोड स्वस्त झाले आणि अल्टरनेटर आला. क्रायस्लरने तो १९६० च्या व्हॅलिअंटमध्ये दिला. किती व्होल्ट द्यायचे हे ठरवणारा रेग्युलेटर मात्र वेगळ्या डबीत होता. बिघडला? डबी बदला, विषय संपला.

पुढे सरकारी हमीच्या कर्जावर तगलेल्या याच कंपनीने १९८३ च्या शेवटी मिनीव्हॅन बाजारात आणली: डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर. काही वर्षांत रेग्युलेटरची डबी गेली, तिचं काम इंजिनाच्या कम्प्युटरकडे गेलं. आणि इथे घोळ झाला! बॅटरी बसली की लोक सवयीने अल्टरनेटर बदलायचे. नवा बसवला तरी चार्जिंग नाही, कारण हुकूम देणाराच गप्प.

बरं, ओळखायचं कसं? इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, चालू असताना १४ च्या आसपास. चढलाच नाही, तर किल्ली ऑन-ऑफ-ऑन-ऑफ-ऑन करायची, स्टार्ट न मारता. 'चेक इंजिन'चा दिवा चार वेळा, मग एकदा लुकलुकला की ४१: अल्टरनेटरच्या फील्डचं सर्किट गडबडलंय. ४७ म्हणजे चार्जिंग कमी. दिव्याने मोर्ससारखं बोलणं, मला फार आवडतं हे.

मग फील्डच्या दोन वायरी बघायच्या. एकीवर बॅटरीचे व्होल्ट हवेत. दुसरी कम्प्युटर अर्थला जोडतो-सोडतो. ती क्षणभर आपणच अर्थ केली आणि व्होल्ट चढले, तर अल्टरनेटर ठणठणीत. दोष वायरिंगमध्ये किंवा कम्प्युटरमध्ये. क्षणभरच हं, नाहीतर व्होल्ट वाढून भलतंच काही जळेल. आणि चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघायची डायनॅमोच्या काळातली युक्ती इथे अजिबात नको, त्याने कम्प्युटरच उडू शकतो.

कम्प्युटर महाग. म्हणून काही मालकांनी काय केलं? सत्तरच्या दशकातली तीच जुनी रेग्युलेटरची डबी आणून पत्र्यावर स्क्रूने ठोकली. चार्जिंग सुरू. 'चेक इंजिन'चा दिवा तेवढा पेटलेलाच राहतो.